पावसाआधीची यादी

सकाळी ६.१५

डेअरीसमोर किटल्यांची रांग लागली आहे. मे महिना सरत आलाय. शिरोळ तालुक्यातलं कृष्णेच्या काठचं हे गाव. नदी इथून दिसत नाही, मळीतला ऊस आड येतो. भाऊसाहेब मोटारसायकल पिंपळाखाली लावतात आणि हँडलची पिशवी काढून घेतात. पिशवीत जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि एक निळी फाइल.

भाऊसाहेबांचा हुद्दा आता ग्रामपंचायत अधिकारी. २०२४ पर्यंत ग्रामसेवक होता. गाव तेव्हाही भाऊसाहेबच म्हणायचं. त्यांच्याकडे दोन गावं आहेत. राहायला जयसिंगपुरात. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आणि दिवसाला लिटरभर तरी जातंच.

निळ्या फाइलीत गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा आहे. ३४ पानं. गेल्या वर्षीचा. २००५ च्या कायद्यानं जिल्ह्याचा आराखडा दर वर्षी तपासून अद्ययावत करायला सांगितलंय. जिल्ह्याचा कागद तालुक्यांच्या कागदांवर उभा राहतो, तालुक्याचा गावांच्या. १ जूनला पावसाळ्याचा नियंत्रण कक्ष सुरू होतो. त्याच्या आधी ही पानं नव्यानं गेली पाहिजेत.

सुरुवात डेअरीपासून, कारण जनावरं पाळणारं अख्खं गाव या वेळेला इथं येतं. डेअरीच्या रजिस्टरात कुणाचं किती दूध ते कळतं. जनावरं किती ते कळत नाही. भाकड म्हैस दूध घालत नाही, कालवड घालत नाही, बैल घालत नाही. पुरात मात्र सगळ्यांना न्यावं लागतं.

“दावणीला किती, तात्या?”

“दोन म्हशी, एक रेडी. गाय इकली दिवाळीत.”

भाऊसाहेब गेल्या वर्षीच्या चारवर काट मारून तीन लिहितात. शिसपेन्सिलीनं. पुढचा माणूस किटली खाली ठेवतो. त्याच्याकडे दोनाच्या पाच झाल्यात, पोरानं कर्ज काढून एचएफ गाई घेतल्या. पाच गाई म्हणजे एक ट्रॉली पुरत नाही. तेही कडेला लिहिलं जातं.

गावच्या आराखड्यात जनावरांचं पान माणसांच्या आधी लावलंय. छापील नमुन्यात तसं नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात माणसं घर सोडायला तयार नव्हती, कारण गोठा सुटत नव्हता. गोठा हलला की माणूस आपण होऊन मागं चालायला लागतो. हे ज्यानं एकदा पाहिलंय त्याला पानांचा क्रम समजावून सांगावा लागत नाही.

सकाळी ७.५०

ग्रामपंचायतीचं ऑफिस. कोतवालमामांनी झाडून घेतलंय. त्यांचंही सरकारी नाव बदललंय, आता महसूल सेवक. २०२३ मध्ये मानधन साडेसात हजारांवरून पंधरा हजार झालं. त्याआधी ते गावात लोकांच्या शेतावर पाणी पाजायलाही जायचे.

आता पान अकरा, संपर्क क्रमांक. भाऊसाहेब आकडे वाचतात, मामा फोन लावतात. फोन स्पीकरवर टेबलावर ठेवलाय. प्रत्येक नंबर लावून बघायचा, दुसऱ्या बाजूनं माणूस बोलला तरच बरोबरची खूण करायची. रिंग वाजली म्हणजे नंबर चालू, हे मामांना मान्य नाही.

“वाजून वाजून पोरगं घेतंय खेळायला. माणूस कुटं असतोय तवा?”

पहिल्या दहात तीन गेले. एक नंबर अस्तित्वात नाही. एक आता सोलापूरकडच्या कुणा बाईंकडे आहे, त्या नम्रपणे सांगतात की गेल्या वर्षीही तुमचा फोन आला होता. तिसरा ट्रॅक्टरवाल्याचा. नंबर बरोबर आहे, ट्रॅक्टर नाही. बँकेचे हप्ते थकले आणि तो विकला. भाऊसाहेब ट्रॅक्टरच्या पानावर जाऊन तिथलं नाव खोडतात. एका नंबरामागं तीन पानं हलतात.

पट्टीचे पोहणारे, ही वेगळी यादी. अकरा नावं. एकाला गेल्या हिवाळ्यात बायपास झाली. एक पोरगा चाकणला कंपनीत लागला. तो ‘आपदा मित्र’ स्वयंसेवकाचं प्रशिक्षण घेतलेला, ओळखपत्र घरात टांगलंय, आई अभिमानानं दाखवते. पण जुलैत पाणी आलं तर तो अडीचशे किलोमीटरवर असणार. एक जण वारला. मामा त्याच्या नावाशी थांबतात, काही बोलत नाहीत, मग पुढचा नंबर लावतात.

अकराचे आठ उरले. त्यातले तीन पन्नाशीच्या पुढचे. भाऊसाहेब विचारतात, नवी पोरं कोण? मामा बोटांवर मोजतात. नदीला पोहायला जाणारी पोरं कमी झालीत. भोई गल्लीतल्या दोघांची नावं निघतात. त्यांना उद्या विचारायचं. विचारल्याशिवाय नाव लिहायचं नाही, हा भाऊसाहेबांचा नियम. मागच्या एका यादीत एका माणसाचं नाव तीन वर्षं होतं आणि त्याला ते माहीतच नव्हतं.

भिंतीवर तीन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवलेत, १०७७ जिल्हा नियंत्रण कक्ष, १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस. तेवढे मात्र दर वर्षी बदलत नाहीत.

सकाळी ९.२०

शाळेमागच्या शेडमध्ये फायबरची बोट पालथी घातलेली. नावाडीमामा आधीच येऊन बसलेत. वय साठीच्या घरात, खांदे अजून रुंद. चौघांनी मिळून बोट सरळ केली. आत पालापाचोळा आणि कुत्र्यानं पिल्लं घातल्याच्या खुणा.

मशीन वेगळं ठेवलंय, शाळेच्या खोलीत, पोत्यात गुंडाळून. दोघं ते उचलून आणतात आणि पिंपाच्या कडेला अडकवतात. पिंपात पाणी भरलंय, म्हणजे पंखा पाण्यात बुडाला पाहिजे. कोरडं मशीन चालवलं तर जळतं. नावाडीमामा पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतात, बाटलीच्या बुचानं मोजून. दोरी ओढतात. एकदा, दोनदा, पाच वेळा. खांदा चोळतात.

“पिलग काढा.”

प्लग काळाकुट्ट. पेट्रोलची रबरी नळी उंदरानं कुरतडलेली. नळी बदलल्याशिवाय आज मशीन चालणार नाही. भाऊसाहेब डायरीत लिहितात: प्लग, नळी दीड मीटर, दोन क्लिप. गेल्या वर्षीच्या आराखड्यात या जागी एवढंच आहे: “बोट १, सुस्थितीत.” भाऊसाहेब ते शब्द खोडतात. त्या जागी आता मशीन शेवटचं कधी चालवून बघितलं ती तारीख येणार. उद्या चालवलं की उद्याची.

लाइफ जॅकेट. कागदावर २०. खोलीत सतरा. त्यातली तीन कामाची नाहीत, पट्ट्याचे बक्कल तुटलेत. एकेक जॅकेट अंगात घालून, पट्टा ओढून, नावाडीमामा दोन्ही हातांनी वर खेचून बघतात. निसटलं तर बाजूला. १४ उरली.

बोटीच्या बाजूला रंगानं लिहिलंय किती माणसं बसवायची. तो आकडा पुसट झालाय. आज पेंटर येणारच आहे, तेव्हा पहिलं काम हे. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं बुडाली. इथून ते गाव लांब नाही. या गावच्या लेकी तिकडे दिल्यात. बोटीत दहावा माणूस चढायला लागला की नावाडीमामा वल्हं आडवं धरतात, मग तो सरपंच का असेना.

निघताना नावाडीमामा एक गोष्ट काढतात. २०२१ च्या पुरात ते दिवसरात्र बोटीवर होते. जेवण लोकांनी दिलं. रोज कुणी दिला नाही, कारण कुठं लिहिलेलाच नव्हता.

“मागायचं कसं, भाऊसाहेब? पुरात कोन पैसं मागतंय? तुमीच लिवा की कायतरी.”

भाऊसाहेब पान सतरावर नवी ओळ घालतात: नावाडी व मदतनीस, रोज, ग्रामनिधीतून. आकड्याची जागा मोकळी ठेवतात. तो संध्याकाळी बैठकीत ठरेल. आपल्याकडे पुरातल्या माणुसकीचं कौतुक खूप होतं. तिचा रोज कुणी लिहून ठेवत नाही, आणि मला वाटतं या ३४ पानांत आज पडलेली ती सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे.

सकाळी ११.००

खालची गल्ली. ऊन चढलंय. सोबत आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई. आशाताईंच्या हातात त्यांची स्वतःची वही आहे, खाकी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेले. आराखड्यातल्या छापील पानांपेक्षा ती वही जास्त खरी.

“गरोदर किती?” भाऊसाहेब विचारतात.

“किती नको, तारखा घ्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक, ऑगस्टच्या दहाला एक. बाकीच्या दिवाळीनंतर. त्यांचं अवघड नाही.”

आराखड्याच्या नमुन्यात संख्या लिहायची जागा आहे, तारीख लिहायची नाही. भाऊसाहेब कडेच्या समासात नाव आणि तारीख घेतात. जुलैवाली आता माहेरी जाणार आहे का? आशाताई उंबऱ्यावरूनच हाक मारून विचारतात. आत भाकरी थापणं चालू आहे. माहेर कुरुंदवाडला. तिथंही पाणी येतं. मग? मिरजेला नणंद आहे. तिचा नंबर घेतला, तिथंच उभं राहून लावून बघितला.

पुढच्या घरात डायलिसिसवरचा माणूस. आठवड्यातून दोनदा मिरजेला जातो. हा माणूस गेल्या वर्षीच्या यादीत नाही, कारण गेल्या वर्षी त्याला हे नव्हतं. त्याच्यासाठी घरात पाणी यायची वाट बघायची नाही. मिरजेचा रस्ता बंद व्हायच्या आत तो पलीकडे पोचलेला असला पाहिजे. त्याचं नाव सगळ्यात वर जातं, लाल पेनानं. त्याची बायको शेतावर भांगलायला जाते, रोज तीनशे. पंधरा दिवस मिरजेला राहायचं म्हणजे तो रोज बुडणार. ती हे बोलून दाखवते, मग आपणच म्हणते की बघू, तवाचं तवा.

एका घराला वरचा मजला आहे. पोरगं म्हणतं आम्ही वरच राहणार. यादीत मात्र नाव घाला. भाऊसाहेब शांतपणे समजावतात, ही मदतीची यादी नाही, बाहेर काढायची यादी आहे. २०१९ ला गावाकडच्या पूरग्रस्त कुटुंबाला दहा हजार रुपये सानुग्रह अनुदान मिळालं होतं. तेव्हापासून गावात कुणी कागद घेऊन दारात आलं की लोकांना ते दहा हजार आठवतात. काहींना मिळाले, काहींना कागदाअभावी नाही. म्हणून माणसं प्रत्येक यादीत असू पाहतात. ज्यांना खरंच उचलून न्यावं लागणार ती नावं मग गर्दीत हरवतात. भाऊसाहेब त्यासाठी दोन रंगांची पेनं ठेवतात. निळ्या पेनाची माणसं चालत जातील. लाल पेनाची उचलावी लागतील.

गल्लीच्या टोकाला आजी. पंच्याऐंशीच्या पुढच्या. एकट्या. पोरगा पुण्यात.

“मी न्हाई जात. एकोणीसला बी न्हाई गेलो. म्हशीबरं राहिलो.”

“आज्जी, आता म्हैस कुठाय?”

“न्हाई. इकली.”

“मग?”

आजी बराच वेळ बोलत नाहीत. मग सांगतात की शाळेत संडासाला रात्रीचं लांब जावं लागतं, गुडघं वाकत नाहीत, लोकांना उठवायचं बरं वाटत नाही. एवढंच कारण. अंगणवाडीच्या बाई म्हणतात, आमच्या खोलीत या, संडास लागून आहे. आजी हो म्हणत नाहीत, नाही पण म्हणत नाहीत. भाऊसाहेब लाल पेनानं लिहितात: खुर्ची संडास एक, अंगणवाडी खोली. किंमत बघायची.

आशाताईंना या फिरण्याचे वेगळे पैसे नाहीत. दुपारी एकला त्या घरी जाणार, जेवणार, मग लसीकरणाची यादी करणार.

दुपारी १.४०

डबा. ऑफिसमध्ये पंखा आहे, वीज नाही. दोन चपात्या, दोडक्याची भाजी. जेवता जेवता भाऊसाहेब दुसऱ्या गावाचा एक दाखला सही करतात. मोबाईलवर दामिनी ॲपची सूचना वाजते, पश्चिमेकडे कुठंतरी वीज पडण्याची शक्यता. ते गावाच्या ग्रुपवर टाकतात. मग कोतवालमामांना म्हणतात, शेतावर बायका आहेत, त्यांच्याकडे साधे फोन. मामा उठतात, सायकल काढतात.

दुपारी २.३०

आता गवंडी, त्याचा गडी आणि पेंटर. गवंड्याचा दिवसाचा रोज नऊशे, आज अर्ध्या दिवसाचे साडेचारशे. गड्याचे तीनशे. पेंटर चारशेवर आलाय, तो सरपंचताईंच्या भावकीतला. लाल आणि पिवळा ऑइलपेंट, अर्धा-अर्धा लिटर. एक इंची ब्रश.

काम असं. शाळेच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण आहे. ती खरी, कारण पाणी उतरल्यावर चिखलाची रेघ दिसत असतानाच हेडमास्तरांनी खिळ्यानं कोरून ठेवली होती. तीच उंची गावात नऊ ठिकाणी न्यायची. तालमीचा कट्टा, डेअरी, चावडी, खालच्या गल्लीची दोन टोकं, आणि असंच पुढं.

साधन म्हणजे गवंड्याचा लेव्हल पाइप. पारदर्शक नळी, पंधरा मीटर, आत पाणी. त्यात निळीचा थेंब, म्हणजे पाण्याची पातळी उन्हात दिसते. एक टोक गवंडी शाळेच्या खुणेशी धरतो. दुसरं टोक घेऊन गडी चालत जातो. नळी सरळ झाली की दोघं थांबतात. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून गडी नळीवर बोटानं टिचक्या मारत बुडबुडा वर काढतो. पाणी हलतं, हळूहळू थांबतं.

“आलं का?”

“थांबा. हां. आलं.”

गडी भिंतीवर शिसपेन्सिलीनं रेघ मारतो. मग गवंडी त्या रेघेपाशी येतो आणि गडी पुढच्या भिंतीकडे निघतो. पंधरा-पंधरा मीटरनं गाव मोजलं जातं. नळी रस्त्यावर आडवी आली की मोटारसायकली थांबतात. उन्हात नळी मऊ पडते. मध्येच शेळी पाय देते आणि सगळं पहिल्यापासून.

कोल्हापूरला पंचगंगा २०२१ ला २०१९ पेक्षाही वर चढली होती. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, २०२१ ला ५६ च्या. सांगलीला उलटं झालं, आयर्विन पुलापाशी कृष्णा २०१९ ला जास्त होती. हे गाव दोन्ही नद्यांचं पाणी खातं, आणि इथं २०१९ ची खूण वर आहे. म्हणून बातमीत कोल्हापूरचा आकडा ऐकून इथल्या माणसानं घाबरायचं का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी ही नळी.

खालच्या गल्लीच्या एका टोकाला रेघ मारल्यावर गवंडी टेप लावतो. रेघेपासून घराच्या उंबऱ्यापर्यंत माप घेतो. पुन्हा घेतो. मग भाऊसाहेबांना हाक मारतो.

रस्ता वर आलाय. गेल्या वर्षी इथं काँक्रीट झालं. जुना रस्ता न उकरता त्यावरच घातलं, नऊ इंच. आधी या चार घरांचे उंबरे रस्त्याच्या वर होते. आता खाली आहेत. ओढ्याकडून येणारं पाणी पूर्वी रस्त्यानं निघून जायचं, आता रस्ता बांधासारखा उभा आहे आणि पाणी आधी या घरांत शिरणार. आराखड्यात ही चार घरं दुसऱ्या टप्प्यात आहेत. आधी ओढ्याकाठची, मग ही.

भाऊसाहेब रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून नकाशाचं पान उघडतात. चार चौकोनांवर फुली मारतात. ते पहिल्या टप्प्यात येतात. त्यातल्या एका घरात सकाळची जुलैवाली गरोदर बाई आहे.

रस्ता चांगला झालाय, लोक खूश आहेत. चिखल गेला, मुलं कोरड्या पायांनी शाळेत जातात. त्या कामाच्या कागदांत पुराचा संबंध कुठं आलाच नव्हता. नदी तीच, घरं तीच. गावानं स्वतःत केलेला बदल मोजायला कुणीतरी नळी घेऊन चालावं लागतं.

पेंटर मागून येतोय. २०१९ ची लाल रेघ, शेजारी साल. तिच्याखाली पिवळी, गल्ली रिकामी करायची. मुलं जमतात. एक पोरगं लाल रेघेखाली उभं राहून बघतं. रेघ त्याच्या डोक्याच्या वर, दोन हात वर. पेंटर त्याला बाजूला सारतो, रंग ओला आहे.

दुपारी ४.५०

हायस्कूल, उंचावर. निवाऱ्याचं ठिकाण. खोल्या नऊ, संडास चार, टाकी भरलेली. एका खोलीत बाकांचा ढीग. चावी क्लार्ककडे, आणि क्लार्क सुट्टीला गावाला. पावसाळ्यात रात्री दोन वाजता चावी कुणाकडे असेल, या प्रश्नाचं उत्तर आराखड्यात नाही. भाऊसाहेब ते लिहून घेतात.

वाटेत रेशन दुकान, पाच मिनिटं. पाणी शुद्धीकरणाची टीसीएल पावडर किती पोती, कुठल्या तारखेची. जुनी झाली की तिचा क्लोरीन उडतो. दोन पोती बदलायची.

गुऱ्हाळावर गुळाची मोठी काहील उलटी ठेवलीय. पुरात ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची माणसं त्यात बसून येतात. काहिलीची नोंद आराखड्यात करायची का? भाऊसाहेब विचार करतात आणि नाही म्हणतात. लिहिलं की ते साधन ठरतं, आणि ते धोक्याचं आहे. त्याऐवजी त्या वस्तीवरची सहा कुटुंबं पहिल्या टप्प्यात घेतात.

संध्याकाळी ७.१०

ग्राम आपत्ती व्यवस्थापन समितीची बैठक, ऑफिसमध्ये. सरपंचताई, पोलीसपाटील, हेडमास्तर, आशाताई, नावाडीमामा, तरुण मंडळाचे तिघं. चहा दहा रुपयांप्रमाणे, अकरा कप.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय निघतोच. पाणी तिकडं का अडवलं, कधी सोडलं. अर्धा तास जातो. कोण काय म्हणालं ते भाऊसाहेब लिहून घेत नाहीत, पण मध्ये तोडतही नाहीत. माणसांनी पाण्यात घरं बघितलीत, त्यांना ते बोलायचं असतं.

मग मुद्दा येतो. खालची गल्ली कधी रिकामी करायची? आत्ताच्या आराखड्यात आहे: आयर्विनला ४० फूट, म्हणजे इशारा पातळी. धोका पातळी ४५. भाऊसाहेब म्हणतात, ४० नको, ३७ धरूया.

“तीन फुटानं काय व्हतंय?” मंडळातला एक जण विचारतो. “लोक ऐकायचं न्हाईत. अजून पानी मळीत बी आलेलं नसतंय.”

नावाडीमामा उत्तर देतात. २०१९ ला पाणी दमानं चढलं आणि मुक्कामाला राहिलं. २०२१ ला एकदम आलं. संध्याकाळी पायाला, सकाळी कमरंला. तीन फूट म्हणजे दिवसाउजेडी काम की रात्रीचं, एवढा फरक. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक. दरवाजा रात्री उघडायचा की दिवसा, हे कुणी ठरवत नाही.

पोलीसपाटील म्हणतात, ३७ ला जनावरं, ४० ला माणसं. सरपंचताई वहीत बघतात. आजच त्यांच्याही गोठ्याची मोजणी झालीय.

“जनावरं गेली की बाया जात्यात,” त्या म्हणतात. “गडीच मागं राहत्यात. तसं लिहा. ३७ ला जनावरं आणि लाल यादी. ४० ला कुणीच घरात नको.”

हात वर होतात. डायलिसिसवाल्यासाठी वेगळा आकडा, ३०. त्यावर कुणी बोलत नाही, सगळे लगेच हो म्हणतात.

नावाड्याचा रोज. आठशे म्हणावं की हजार? मंडळाचा पोरगा म्हणतो हजार. ग्रामनिधीत पैसे किती आहेत ते भाऊसाहेब सांगतात. आठशे ठरतं, मदतनीसाला सहाशे. नावाडीमामा दाराकडे बघत बसलेत, या विषयात ते एक शब्द बोलत नाहीत. नऊ वाजायला आलेत.

रात्री ९.०५

सगळे गेलेत. भाऊसाहेब लॅपटॉप उघडतात. पान चार, टप्पा एक: दहा घरं वाढली. पान आठ, जनावरं: सकाळचे आकडे, पेन्सिलीतले, आता टाइप होतायत. पान अकरा: अजून नऊ नंबर लागलेले नाहीत, ते पिवळे करून ठेवतात. पान सतरा: आठशे, सहाशे. तीन प्रती काढायच्यात, एक तहसीलला, एक पंचायत समितीला, एक इथं. झेरॉक्स पानाला दोन रुपये, तिन्हींचे दोनशे चार. चौथी प्रत ते स्वतःच्या खर्चानं काढणार आहेत, नावाडीमामांच्या घरी ठेवायला. मामांना वाचता येत नाही, नातवाला येतं.

हायस्कूलच्या क्लार्कचा फोन लागतो. ते गावाकडून बोलतायत, मागं लग्नाचा बँजो वाजतोय. दुसरी चावी आहे, हो, कपाटात. सोमवारी येतो, कोतवालमामांकडे देतो. भाऊसाहेब पान चौदावर लिहितात: चावी, कोतवाल. पुढं कंसात सोमवार, म्हणजे मिळाल्यावर कंस काढायचा.

कोतवालमामा ऑफिसला कुलूप लावायला थांबलेत. प्लग आणि नळीची चिठ्ठी भाऊसाहेब खिशात ठेवतात. जयसिंगपुरात ते दुकान दहाला उघडतं, उद्या दुसऱ्या गावात आठलाच पोचायचंय. मामा म्हणतात, माझा पुतण्या जातो की रोज तिकडं कामाला, त्याच्याकडं द्या. भाऊसाहेब चिठ्ठी देतात, पाचशेची नोट देतात, आणि पावती आणायला सांगतात.